अक्का गच्चीवर, मी टीव्हीपुढं

ज्या कुणी ती जुनी मालिका इंटरनेटवर टाकली, त्याचं वाटोळं होवो. हे वाक्य मी लिहून खोडलं, परत लिहिलं, आणि आता राहू देतो. चाळीस वर्षं एक गोष्ट नीट गाडलेली होती. कुण्या रिकामटेकड्यानं तेराच्या तेरा भाग मुंग्या आलेल्या चित्रासकट उकरून काढले, आणि त्याखाली शेकडो लोकांनी 'काय ते दिवस!' म्हणून बदाम टाकले. त्या बदामवाल्यांचाही मला राग आहे. ते दिवस कसे होते ते माझ्या बहिणीला विचारा. ती तेव्हा गच्चीवर होती.

आम्ही नांदेडला राहायचो. वडील शाळेत गणित शिकवायचे. आमच्या गल्लीत टीव्ही पहिल्यांदा आमच्याकडं आला, काळा-पांढरा, लाकडी दारांचा. रविवारी सकाळी ही मालिका लागायची आणि आमच्या बैठकीत वीस-बावीस माणसं मांडीला मांडी लावून बसायची. मालिका विज्ञानाची. म्हणजे एक शास्त्रज्ञ, त्याचं पत्र्याचं यंत्र, यंत्रावर लुकलुकणारे दिवे (दिवाळीच्या माळेतले असावेत), आणि त्यात बसून मागच्या-पुढच्या कुठल्याही काळात जायची सोय. त्याच्या मागं एक खलनायक. हा सोनंनाणं चोरायचा नाही, माणसांचा वेळ चोरायचा. कुणाच्या कपाळाला नळी लावली की त्याची दहा वर्षं काचेच्या बरणीत. तो माणूस जागच्या जागी म्हातारा आणि हा तरणाबांड. आणि मग हसायचा. ते हसणं असं की शेजारच्या आजोबांना दर वेळी ठसका लागायचा.

आता अँटेना. तो गच्चीवर एका लोखंडी पाइपाला बांधलेला होता आणि पाइपाची पकड ढिली होती. हात सोडला की वाऱ्यानं फिरायचा, खाली चित्र जायचं, वीस माणसं एका सुरात ओरडायची. म्हणून कुणीतरी वर उभं राहून पाइप धरायचा. पहिल्या रविवारी वडिलांनी मला पाठवलं. मी बारा वर्षांचा. पाच मिनिटांत माझ्या ध्यानात आलं की हे असंच चाललं तर आपल्याला मालिका दिसणार नाही, नुसती ऐकू येईल. मी अँटेनाची एक कांडी गुडघ्यावर घेऊन वाकवली आणि रडत खाली आलो. जमत नाही म्हणालो. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

वडील म्हणाले, "याच्याच्यानं काही होत नाही. पोरगी नीट धरती."

पोरगी म्हणजे माझी अक्का. सोळा वर्षांची. ती वर गेली ती तेरा रविवार वरच.

"आलं का?" ती वरून ओरडायची.

"मुंग्या! लई मुंग्या!"

"आता?"

"आलं, आलं! हलू नको! तशीच थांब!"

आणि ती तशीच थांबायची. उन्हाळ्याचे दिवस, डोक्यावर ओढणी, हातात तापलेला पाइप. त्या पाइपाला एक नट आवळला असता तर विषय संपला असता. आमच्या खाटेखाली पाने-पक्कडींची अख्खी पेटी होती. वडील पोरांना त्रैराशिक शिकवायचे, पण तेरा रविवारांत त्यांना नट सुचला नाही. मला नाही, त्या वीस माणसांतही कुणाला नाही. कशाला सुचेल? अक्का होती ना.

भाग संपला की ती खाली यायची, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसायची आणि म्हणायची, "सांग." हाताला गंजाचा वास, तोंड लालबुंद. मी सांगायचो. पहिले दोन भाग मी इमानदारीनं सांगितले, याची नोंद व्हावी; त्यांत नुसता शास्त्रज्ञ आणि यंत्र होतं, खलनायक आला तो तिसऱ्यात.

तिसऱ्या भागाच्या आदल्या दिवशी तिनं घात केला. माझ्या प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही मी स्वतःच ठोकली होती, चांगली वळणदार. ती तिनं वडिलांना दाखवली. मला लाकडी पट्टीनं मार बसला, तोही मोजून, कारण गणिताचे मास्तर. दुसऱ्या दिवशी ती जिन्यावर बसली आणि विचारू लागली, "आज तो हसत होता तो कोण रे? वरपर्यंत ऐकू आलं. लई भारी हसतो."

तळहाताचे वळ अजून उतरले नव्हते. मी म्हणालो, "तोच तर हिरो."

बस, एवढंच केलं मी. पण पुढच्या रविवारी ती विचारणार, हिरोनं काय केलं? खोटं एकदा बोलायला काही लागत नाही, ते दहा रविवार ओढायला लागतं. टीव्हीवर एक गोष्ट चालू असताना डोक्यात तिची उलटी गोष्ट चालवायची. खलनायकानं एका म्हातारीची वर्षं काढून घेतली की मी सांगायचो, तिच्याकडं वाया गेलेला वेळ पडून होता, तो त्यानं नेला, एका मुलीला द्यायला, जिचा वेळ लोकांनी लुबाडला होता. अक्काचे डोळे मोठे व्हायचे. "असा माणूस पाहिजे," ती म्हणायची. शास्त्रज्ञाला मी इतका नीच केला की एका रविवारी ती त्याला वरूनच शिव्या देत होती, आणि खाली लोकांना वाटलं, वाऱ्याला देऊन राहिली.

तेराव्या भागाला, शेवटच्या, लाईट गेली. सुरुवातीची नावं फिरताना गेली ती दुपारी आली. वीस माणसं हळहळत घरी गेली. अक्का खाली आली, पायरीवर बसली. "सांग." मी पाहिलाच नव्हता, पण मागं हटणाऱ्यातला मी नाही. मी सांगितलं की त्यानं सगळ्या बरण्या फोडल्या, ज्याची वर्षं त्याला परत दिली, आणि स्वतः एका क्षणात म्हातारा झाला. शेवटची बरणी त्या मुलीच्या हातात दिली आणि यंत्राला टेकून बसला. अक्का रडली. मीही थोडा रडलो, माझ्याच कर्तबगारीवर.

पुढं ती विज्ञान शिकली. पदार्थविज्ञान घेऊन एम.एस्सी. झाली, लग्न होऊन लातूरला गेली, आणि जिथं गल्लीबोळांत शिकवण्या चालतात त्या गावात अकरावी-बारावीला नावाजलेली मॅडम झाली. दरवर्षी नव्या वर्गाच्या पहिल्या तासाला ती फळ्यावर काही लिहायची नाही. आधी ही गोष्ट सांगायची. वेळ परत देणाऱ्या माणसाची. मग काळ म्हणजे काय, इथून सुरुवात. दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, मला हे कौतुकानं सांगितलं तेव्हा मी हसून चहा सांडला होता.

माझ्या हसण्याला देवानं उत्तर दिलं ते माझ्या मुलाच्या बारशात. आमच्यात नाव आत्या ठेवते. कुणाला आधी सांगत नाही, पाळण्यात वाकते, बाळाच्या कानात कुर्रर्र करते, आणि पोरंसोरं तिच्या पाठीत धपाटे घालतात. अक्का वाकली, कुर्रर्र केलं आणि ताठ होऊन नाव जाहीर केलं. खलनायकाचं नाव. नाव तसं भलं, संस्कृत, अर्थही चांगला. पण आमच्या वयाच्या माणसाला ते नुसतं ऐकून नळी आणि बरणी आठवावी असं. मागं बसलेल्या एका मास्तरांना खोकल्याची उबळ आली. अक्का माझ्याकडं बघून डोळे मिचकावत होती. तिला वाटलं, लहानपणचा आमचा दोघांचा माणूस तिनं माझ्या घरात आणून ठेवला. आता तोंड उघड, असं मी स्वतःला म्हणालो आणि पेढा तोंडात टाकला.

मुलाचं नाव मी इथं लिहीत नाही. तो नोकरीला आहे आणि त्याचा साहेब माझ्या वयाचा आहे.

तर यंदा. दहावीची परीक्षा झाली की लातुरात लगेच अकरावीचे वर्ग भरतात. अक्कानं पहिल्या तासाला गोष्ट सांगितली. पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "मॅडम, माझ्या पप्पांनी आम्हाला सगळे भाग दाखवले. तो तर व्हिलन आहे."

अक्का म्हणाली, तू चुकीचं बघितलंस. मुलगी म्हणाली, नाही मॅडम. दहा मिनिटं वाद झाला. शेवटी अक्कानंच वर्गातला मोठा पडदा चालू करायला लावला आणि म्हणाली, "लाव. तिसरा भाग लाव. होऊ दे खरं-खोटं." तिची पूर्ण खात्री होती. तिच्या भावानं डोळ्यानं बघितलं होतं.

मला फोन आला तो त्याच दुपारी. हॅलो नाही, काही नाही.

"तो जो हसायचा, तो कोण होता?"

मला पहिल्या शब्दाला कळलं. पण म्हणालो, "कोण हसायचा?"

"नाटकं करू नको. पोरं हसली माझ्यावर. सगळा वर्ग. मी तास अर्धा सोडून आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा."

"अगं अक्का, बारा वर्षांचा होतो मी."

"तेव्हा बारा वर्षांचा होतास. पोराच्या बारशाला किती वर्षांचा होतास?"

मी चिडलो. रंगेहाथ पकडलेला माणूस चिडतो तसा. "एक मालिका ती! त्याचं काय एवढं?"

ती म्हणाली, "माझ्या वर्गात आपल्याशिवाय एकीच्याच घरी टीव्ही होता. ती सांगायची, तो वाईट आहे म्हणून. मी तिला सगळ्यांदेखत खोटारडी म्हणाले. माझा भाऊ बघतो म्हणाले. ती परत बोलली नाही माझ्याशी. माझी एकच मैत्रीण होती ती." आणि फोन ठेवला.

नेमकं नको त्या वेळी हे झालं. मुलाला मुलगी झालेली. बाळंतीण मुरुडहून, तिच्या माहेराहून, आमच्याकडं आलेली, आणि येत्या रविवारी बारसं. मुलाला बहीण नाही, म्हणजे बाळाला आत्या नाही. नाव मुलाची आत्या ठेवणार, हे कधीच ठरलेलं. संध्याकाळी मुलाच्या मोबाईलवर अक्काचा निरोप आला: 'मी येत नाही. माझ्या हातून नावं चुकतात.'

मुलानं निरोप मला दाखवला. त्यानं तोवर सगळी भानगड ऐकली होती, दोन भागही बघितले होते. स्वतःच्या नावाचं त्याला फार काही वाटलं नव्हतं. त्याला राग होता तो दुसराच. "बाबा, आत्या आली नाही तर बारसं होणार नाही. तुम्ही घातलाय घोळ, तुम्ही निस्तरा."

"अरे पण पत्रिका वाटल्या."

"मग वाटलेल्या परत गोळा करा."

मी शुक्रवारी नांदेडहून पहाटेची बस धरली. अहमदपूरला चहा घेतला तेव्हा भाषण तयार होतं. त्यात माफी कमी आणि वकिली जास्त होती. लातूरला पोचलो, तर दार दाजींनी उघडलं आणि मानेनंच आत खुणावलं. अक्का टीव्हीपुढं बसली होती, हातात रिमोट. पडद्यावर मालिकेचं नाव थांबवून ठेवलेलं.

"अक्का, मी काय म्हणतो..."

"गच्चीवर जा."

"काय?"

"मी पहिल्यापासून बघणार हाय. तेरा भाग. तू वर जा आणि पाइप धर."

"अगं ऊन बघ की बाहेर!"

"तेव्हा काय थंडी होती?"

मी दाजींकडं बघितलं. दाजी वर्तमानपत्र वाचू लागले, तेही उलटं.

मी गेलो. गच्चीवर दोन काळ्या टाक्या आणि टाकीतून निघालेला एक लोखंडी पाइप. अँटेना नव्हताच, मी टाकीचा पाइप धरला. खालून मालिकेचं संगीत आलं. लगेच अक्काचा आवाज जिन्यातून वर, "मुंग्या! थोडं डावीकडं!" इंटरनेटवरच्या मुंग्या टाकीच्या पाइपानं कुठल्या जाणार? पण मी डावीकडं सरकलो. "बास! हलू नको!"

शेजारच्या गच्चीवर एक बाई पापड वाळत घालत होत्या. त्यांनी पाचेक मिनिटं बघितलं. "काय करून राहिलेत हो?"

"अँटेना धरला."

"कुठं हाय अँटेना?"

"त्यांना दिसतोय," मी खाली बोट दाखवलं. बाईंनी पापड उचलले आणि आत गेल्या.

पहिल्या तीन भागांत मला अक्काचा राग आला. एवढी शिकलेली बाई, हे काय पोरकट. चौथ्याला दाजींनी जिन्यातून ताकाचा गिलास चोरून वर सरकवला, तेव्हा दाजींचा राग आला, कारण ताकात मीठ नव्हतं. सहाव्याच्या सुमारास पाइप हाताला चटके देऊ लागला. मी रुमाल गुंडाळला. मग आठवलं, अक्का कधी रुमाल नेत नव्हती. तिच्या तळहातावर एक आडवा पट्टा असायचा, तांबडा, आणि मी तो बघून म्हणायचो, बघू किती लाल झालंय, आणि हसायचो.

आणि मग मला तो नट आठवला. बोटाच्या पेराएवढा नट. खाटेखाली पेटी. वडील आता नाहीत, नाहीतर मी तिथूनच त्यांना फोन लावला असता. तुम्ही एवढी गणितं सोडवलीत, ही पोरगी वर उन्हात का उभी हे एक गणित तुम्हाला सुटलं नाही? ती वीस माणसं! 'आलं, आलं, तशीच थांब' म्हणणारी! त्यांतला एक जरी वर जाऊन दोन मिनिटं धरतो म्हणाला असता! मी दात-ओठ खाऊन पाइप असा आवळला की टाकी हलली. यात 'तशीच थांब' सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारा मीच होतो, हे मला दहा सेकंद उशिरा आठवलं.

मी जिन्यात वाकून ओरडलो, "अक्का! तो अँटेना मीच वाकवला होता! मुद्दाम!"

खालून खलनायक हसला. आठवा की नववा भाग असावा.

"ऐकू आलं का?"

"आलं!" अक्का ओरडली. "मला माहीत हाय! जिन्यातून बघितलं होतं मी!"

"मग सांगितलं का न्हाईस? सहीचं तर लगेच सांगितलंस!"

"खाली बसले असते तर वीस माणसांचा चहा कुणी केला असता? मीच! वर निदान कुणी हाक मारत नव्हतं! आणि खाली आल्यावर गोष्ट ऐकायला मिळायची! तेवढीच होती मला! आता हलू नको, दहावा लागला!"

मी हललो नाही. दहावा, अकरावा, बारावा. मला राग येत होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. मी ज्याला चाळीस वर्षं फाजीलपणा समजत होतो तो अक्काच्या अख्ख्या रविवारातला एकुलता एक घास होता, आणि मी त्यात माती कालवली होती.

तेराव्यानंतर ती वर आली. डोळे पुसलेले. मी पाइप सोडला नाही, कारण सोड म्हणालं नव्हतं कुणी.

"शेवटी काय होतं?" मी विचारलं.

"तुला माहीत नाही?"

"लाईट गेली होती. मी बघितलाच नाही."

"म्हणजे त्या बरण्या, ती मुलगी, ते यंत्राला टेकून बसणं..."

"माझं सगळं."

"एवढ्या वर्षांची पोरं रडली माझ्या वर्गात त्या शेवटाला," ती म्हणाली, आणि मग तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. बारशात आत्याला घालतात तसला नव्हे, खरा. मी पाइपावर आपटलो.

"रविवारी येते. नाव मी ठेवीन. चहा तू करायचा, सगळ्यांचा. आणि तेरावा भाग बघायचा नाही. आईची शपथ."

"मग शेवट कोण सांगणार?"

"आधी चहा कर."

रविवारी सकाळी नऊपासून मी गॅसपुढं उभा होतो. मोठं पातेलं, आलं, साखर, आणि माझी बायको दारात उभी राहून सूचना देत होती, ज्यांची गरज नव्हती असं मी म्हणू शकत नाही. पाहुण्यांची पहिली फेरी झाली, दुसरी चढवली. चहा उकळत होता म्हणून मला हलता येईना. तेवढ्यात बैठकीतून बायकांचा पाळणा ऐकू आला, मग एकदम शांत, मग कुर्रर्र, मग धपाट्यांचा आणि हसण्याचा असा गलका की नाव काही ऐकू आलं नाही. माझ्या नातीचं नाव. घरात साठ माणसांना कळलं आणि मला नाही.

"काय ठेवलं?" मी ओरडलो. "अरे, कुणीतरी सांगा, काय ठेवलं?"

"चहा कुठवर आला?" तिकडून कुणीतरी ओरडलं.

थोड्या वेळानं अक्का आत आली. केस विस्कटलेले, पाठ चोळत. ओट्यावरचा कप उचलला, एक घोट घेतला. "साखर कमी हाय," म्हणाली. मग नाव सांगितलं. सुंदर नाव, तीन अक्षरी. मी मनात बारा भाग उलटसुलट केले. कुठंच नव्हतं.

"अक्का, ही मालिकेतलीच का?"

"तेराव्या भागात येती."

"चांगली हाय का वाईट?"

अक्कानं कप खाली ठेवला. माझ्या खिशात मोबाईल होता, हे तिला दिसत होतं. माझे दोन्ही हात चहाच्या पावडरीनं माखलेले, हेही दिसत होतं.

"पातेलं बघ, उतू चाललंय," ती म्हणाली आणि बाहेर जाऊन माणसांत बसली, अगदी मधोमध, टीव्हीसमोर मी बसायचो तशी.